खालच्या कोपऱ्यातला जांभळा डाग

३ फेब्रुवारी, सोमवार

टीव्हीच्या दुकानदाराने सांगितलं, "डाग केव्हा दिसतो, किती वेळ राहतो, त्या वेळी काय काय चालू असतं, ते एका वहीत लिहून ठेवा. मेकॅनिकला सोपं जातं." हे मला कटवण्यासाठी सांगितलं, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. पण तीस वर्षं मी वजनमापं तपासण्यात घालवली आहेत. वाण्याचे तराजू, पंपावरची मापं, सोनाराची वजनं. नोंद कशी ठेवायची ते त्याने मला शिकवू नये. येताना शंभर पानी वही आणली आणि समास आखला.

नोंद. टीव्ही: मागे पोट असलेला, जुन्या धाटणीचा, आठ वर्षं वापरात, आजवर तक्रार नाही. होम थिएटर: मी निवृत्त झालो म्हणून मुलीने पाठवलेला, गेल्या आठवड्यात बसवला. पाच स्पीकर आणि घुमणाऱ्या आवाजासाठी एक बेस बॉक्स, स्टुलाएवढा. बसवणाऱ्याने मधला स्पीकर टीव्हीच्या डोक्यावर ठेवला आणि बॉक्स टीव्हीच्या डाव्या अंगाला चिकटवला. डाग एकूण तीन. वर मधोमध हिरवा, डावीकडे पिवळट, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात जांभळा. बातम्या सांगणारी बाई कावीळ झाल्यासारखी दिसते आणि तिच्या हातातला कागद जांभळा. आवाज मात्र असा की बाई आपल्या सोफ्यावरच बसली आहे.

ही म्हणाली, "आधी चित्र होतं आणि आवाज बेताचा होता. आता आवाज आहे आणि चित्र गेलं. काय अडलं होतं?" हिच्याने मुलीला बोलवत नाही, म्हणून मला बोलते.

५ फेब्रुवारी, बुधवार

मेकॅनिक आला. प्रत्येक वाक्याला "बरं का" लावतो. मी त्याला मनातल्या मनात बरंका हेच नाव ठेवलं आहे.

"साहेब, स्पीकरच्या पाठीत लोहचुंबक असतं, बरं का. ते पिक्चर ट्यूबच्या जवळ आलं की रंग आपली जागा सोडतात. स्पीकर वाजायलाच पाहिजे असं नाही, बरं का. नुसता ठेवला तरी पुरे."

हे वाक्य मी लाल शाईने अधोरेखित करून ठेवलं. बरंकाने मधला स्पीकर खालच्या फळीवर उतरवला आणि बेस बॉक्स डावीकडे तीन फूट सरकवून पार्टिशनला टेकवला. हिरवा डाग गेला, पिवळा गेला. जांभळा हलला नाही. म्हणे ट्यूबने चुंबकपणा धरला आहे, दोन दिवसांत आपोआप उतरेल. नाहीच उतरला तर खोलीचा नकाशा काढून ठेवा, कुठे काय आहे ते दाखवून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

उतरला नाही. नकाशा काढला.

नकाशा काढायचा तर पार्टिशनबद्दल लिहिणं आलं. हा फ्लॅट वडिलांचा. अकरा वर्षांपूर्वी ते गेले त्या दिवशी माझा धाकटा भाऊ नाट्यगृहात होता. तिथे तो ध्वनीचं काम बघायचा. लग्नबिग्न केलं नाही, तेच त्याचं घर. मी फोन करून सांगितलं, ताबडतोब ये. प्रयोग चालू होता. पडदा पडल्यावर आला, तीन तासांनी. मी त्याला दारातच सांगितलं, आजपासून तू माझा कोणी नाहीस. महिन्याभरात सुतार बोलावून दिवाणखान्याच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन घातलं. पुढचं दार मला, मागचं त्याला. दोन्ही एकाच जिन्यावर उघडतात, हे दुर्दैव.

सगळ्याची वाटणी झाली, केबलच्या पॉइंटची होईना. वडिलांनी तो दिवाणखान्याच्या बरोबर मधल्या खांबावर बसवून घेतला होता. शेवटी सुताराने खांबापाशी वायरपुरतं भोक ठेवलं. एक वायर इकडे, एक तिकडे. म्हणून माझा टीव्ही पार्टिशनला पाठ लावून खांबाच्या उजवीकडे आणि त्याचा पलीकडून पाठ लावून, माझ्याकडून पाहिलं तर खांबाच्या डावीकडे. रोज संध्याकाळी मी इकडे खुर्चीत बसतो, तो तिकडे. तोंडं समोरासमोर, मधे प्लायवूड. अकरा वर्षं आम्ही असे बसतोय, हे मला आज नकाशा काढल्यावर कळलं.

त्याची बाजू नकाशात कोरी ठेवली. तिकडे काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. डागाचं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विषयावर आली. "बाबा, आता ऑफिस पण नाही. काकाकडे जाऊन एकदा बसा ना."

म्हटलं, मी थोरला आहे. त्याने माझ्या दारात यावं, दादा म्हणावं, चुकलो म्हणावं. मी दार लावणार नाही.

"आणि नुसतं दादा म्हणाला तर?"

ही मुलगी वकील व्हायची. म्हटलं, तेवढ्यावर भागवून घेईन.

फोन ठेवल्यावर मलाच नवल वाटलं, की हे मी बोललो कसं. पण बोललो ते खोटं नव्हतं. राग आहे तो आहे, तो काही कमी झालेला नाही. पण त्याचा आवाज ऐकायची इच्छा आहे. लहानपणी रेडिओवरच्या सगळ्यांच्या नकला करायचा आणि वडील पोट धरून हसायचे. इथे लिहायला हरकत नाही, बरंका हे पान वाचणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज आला!

दुपारी चारला बेल वाजली. दार उघडलं तर धाकटा. जिन्यात पाठमोरा दिसायचा, समोरून इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. केस पांढरे झाले आहेत. मी दार सताड उघडलं, हे कबूल करतो. मी काही बोलायच्या आत तो ओरडला, "दादा! तुझ्याकडे चित्र नीट दिसतंय का?"

ओरडला म्हणजे असा, की वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावरून वाकली. मी विचारलं, "काय म्हणायचंय काय तुला?" तर उत्तर न देता माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला. पुन्हा तेच, त्याहून वरच्या पट्टीत, "चित्र! चित्र नीट दिसतंय का?"

दार आपटलं मी.

दादा म्हणाला खरा, पण जिन्यातल्या दहा माणसांनी ऐकावं असा. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं ते मला खिजवायला! माझा टीव्ही बिघडलाय हे प्लायवूडमधून ऐकलं असणार आणि राहवलं नसणार. अंगाचा तिळपापड झाला. ही स्वयंपाकघरातून धावत आली. "कोण होतं?"

"तुझा दीर. माझी चेष्टा करायला आला होता."

"अहो, ते तसंच बोलतात आता..." म्हणत ही दाराकडे निघाली. मी विचारलं, तसंच म्हणजे कसं? आणि तुला काय ठाऊक? तर "काही नाही," म्हणाली आणि आत गेली. दुपारचं वाळत घातलेलं काढायला म्हणून ही रोज गच्चीवर जाते ती अर्धा अर्धा तास येत नाही. आज तर तास लावला.

१६ फेब्रुवारी, रविवार

बरंका एक मोठी गोल रिंग घेऊन आला, वायर गुंडाळलेली. तिच्यात वीज सोडून तिने ट्यूबचा चुंबकपणा उतरवतात. पडद्यासमोर ती फिरवत फिरवत तो मागे मागे गेला, तसा डाग पातळ होत नाहीसा झाला. मी त्याला चहा पाजला. चहा संपायच्या आत कोपरा परत जांभळा.

"कुठून तरी खेचतंय, बरं का," तो म्हणाला आणि निघून गेला. एवढं तर मलाही दिसत होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पाचही स्पीकर आणि बेस बॉक्स झोपायच्या खोलीत नेऊन ठेवले. एक दिवस वाट पाहिली. डाग तसाच. म्हणजे जांभळ्या डागाशी माझ्या होम थिएटरचा काही संबंध नाही, हे सिद्ध झालं. सगळं पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवलं. बेस बॉक्स एकट्याने ढकलत नेताना कमरेत चमक भरली.

ही म्हणाली, "खोक्यात भरा ते सगळं आणि झोपा शांत." पण गोष्ट आता टीव्हीची राहिलेली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं.

जुन्या पेटीतलं होकायंत्र काढलं. टीव्ही बंद केला, बॉक्सपासून लांब राहिलो आणि पार्टिशनवर वीतभर वीतभर अंतराने ते धरत गेलो. सुई उत्तर दाखवत होती, दाखवत होती, आणि टीव्हीच्या उजव्या अंगाला आल्यावर गर्रकन वळून प्लायवूडला टोक लावून उभी राहिली. म्हणजे भिंतीपलीकडे चुंबक. मोठं.

मग आठवलं. आमचा होम थिएटर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दोन हमाल कपाटाएवढे काळे स्पीकर घेऊन जिना चढत होते, मागे धाकटा. नाट्यगृह बंद पडलं, तिथले आणले म्हणे. तेव्हा मी मनात हसलो होतो, माझं पाहून यालाही हौस आली. पण या तीन आठवड्यांत पलीकडून एक सूर ऐकू आलेला नाही. वाजवायचे नव्हते तर आणले कशाला? तीस वर्षं स्पीकरांत घालवलेल्या माणसाला चुंबक म्हणजे काय हे कळत नाही असं कोण म्हणेल? मोजून मापून माझ्या टीव्हीच्या पाठीला लावलेत, आणि वर दारात येऊन विचारतो, चित्र नीट दिसतंय का!

परत खात्री म्हणून डावीकडेही होकायंत्र फिरवलं. माझ्या बेस बॉक्सजवळ सुई वेड्यासारखी फिरली. ते अपेक्षितच आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी अकरा वाजता पार्टिशनवर बुक्क्या मारल्या. तो घरात होता, खुर्ची सरकल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. "स्पीकर बाजूला घे! ऐकतोयस का?" बेंबीच्या देठापासून ओरडलो. परत ओरडलो. तिकडे नळ सुरू झाला, भांडं भरलं, नळ बंद झाला. कानात बोळे घालून बसलाय. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा त्याच्याशी आपण होऊन बोललो, तर ही किंमत.

ही म्हणाली, "चार पावलांवर दार आहे. एका कागदावर लिहून हातात द्या, लगेच बाजूला घेतील."

"मी त्याला अर्ज करू?"

"अर्ज नाही हो. चिठ्ठी."

"मी थोरला आहे."

"ते मला लग्न झाल्यापासून ऐकू येतंय," ही म्हणाली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

इमारतीच्या समितीकडे लेखी तक्रार दिली. सोबत या वहीतल्या डागाच्या नोंदींची नक्कल, नकाशा आणि होकायंत्राच्या जागा दाखवणारा तक्ता. सेक्रेटरी पाहतच राहिला. म्हणाला, इतकी पद्धतशीर तक्रार आमच्याकडे आजवर आली नाही. पाण्याच्या टाकीची सुद्धा नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सेक्रेटरी आणि तळमजल्यावरचा दंतवैद्य पाहणी करून आले. मी आमच्या दारात उभा होतो.

सेक्रेटरी खूश. "तुमचा भाऊ फार सरळ माणूस हो. विचारलं, हे स्पीकर तुमचे? हो म्हणाला. भावाला त्रास होतो हे माहीत होतं? हो. मुद्दाम ठेवलेत? हो. काढून टाकाल? हो हो. सारखा हसत होता."

दंतवैद्य म्हणाला, "पण आपण बोललो ते त्यांना समजलं का नक्की?"

"लहानपणापासून सोंगाड्या आहे," मी सांगितलं. दंतवैद्य आणखी काही विचारणार होता, पण सेक्रेटरीला जेवायची घाई होती. नोटीस टाईप करून संध्याकाळी त्याच्या दाराखालून सरकवली. पार्टिशनला लागून कोणतंही ध्वनियंत्र ठेवू नये, दोन दिवसांत हलवावं. मसुदा मीच करून दिला, सेक्रेटरीला 'ध्वनियंत्र' शब्द सुचत नव्हता.

२ मार्च, रविवार

भंगाराची गाडी आली आणि स्पीकर गेले. नोटीस हलवण्याची होती, त्याने विकूनच टाकले. मी खिडकीतून पाहिलं. तो हमालांबरोबर एका बाजूने हात लावून खाली उतरला. गाडीत चढवल्यावर एकाच्या जाळीवर त्याने तळहात ठेवला आणि ठेवूनच राहिला. गाडीवाला काहीतरी बोलत होता, इंजिन सुरू केलं तरी हा तसाच. नाटकाच्या धंद्यात जन्म घालवला, सवय कुठे जाणार.

बरंकाला फोन केला. त्याने येऊन रिंग फिरवली. डाग गेला तो गेलाच. सायंकाळी सात ते नऊ निरीक्षण केलं. कागद पांढरा, बाई गोरी, काही दोष नाही. मुलीला फोन करून सांगितलं, जिंकलो. ती म्हणाली, "कोणाशी?" आणि फोन आईला द्या म्हणाली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. ही नुसतं हं हं करत होती.

५ मार्च, बुधवार

चित्र स्वच्छ. ही टीव्ही पाहायला येत नाही, डोळे दुखतात म्हणते. मी एकटाच बसतो. पूर्वी या वेळी पलीकडून खुर्ची कुरकुरायची, ती तीन दिवस ऐकली नाही. नोंद करण्यासारखं दुसरं काही नाही. अर्धी वही उरली आहे आणि तिचं काय करावं कळत नाही.

७ मार्च, शुक्रवार

बरंकाने बेल वाजवली. मी काही बोलावलं नव्हतं.

"शेजारी गेलो होतो, बरं का. त्यांची दुकानात चिठ्ठी आली होती, टीव्हीवर डाग पडतो म्हणून. साहेब, तुमचा बेस बॉक्स त्यांच्या टीव्हीच्या बरोब्बर पाठीला आहे. मीच सरकवला ना तिथे त्या दिवशी. जरा इकडे घेऊ या, बरं का."

मी विचारलं, केव्हापासून डाग आहे म्हणतो?

"महिना झाला. तुमच्याकडे विचारून गेलो होतो म्हणाले, तुम्ही कामात होता." बरंका चप्पल घालता घालता बोलत होता. "मी आपला सांगतोय, सांगतोय, ते नुसते हो हो करतायत. मग लिहून दाखवलं. ऐकू अजिबातच येत नाही ना त्यांना. तुम्हाला ठाऊक असणारच."

"हो," मी म्हटलं. "ठाऊक आहे."

"सगळी भिस्त पडद्यावर, बरं का. खाली अक्षरं येतात ती वाचून कळतं त्यांना. आणि नेमकी तीच खराब झालीत. एका अक्षराची तीन अक्षरं, तांबडं, निळं, हिरवं, एकावर एक. मी म्हटलं, भावाला बॉक्स हलवायला सांगतो. तर म्हणाले, नको. त्याला चित्र नीट दिसतंय ना आता, मग राहू दे."

तो गेल्यावर मी दार लावलं. मग स्वयंपाकघरात गेलो. ही भांडी पुसत होती.

"तुला माहीत होतं?"

"दीड वर्ष झालं. आधी एक कान, मग दुसरा. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं त्या स्पीकरांच्या शेजारी बसून बसून."

"आणि मुलीला?"

"तिलाही."

"मला का नाही सांगितलंत कोणी?"

हिने भांडं पुसायचं थांबवलं नाही. "त्यांचं नाव या घरात काढायचं नाही, हा नियम मी केला? पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा ताट सारून उठलात. दुसऱ्यांदा उघडलं तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मग मी गच्चीवर जायला लागले. डबा द्यायचा, दोन ओळी लिहायच्या, दोन वाचायच्या."

"मग ते स्पीकर? ऐकू येत नाही तर..."

"नाट्यगृह पाडलं, भंगारात जात होते. जाळीवर हात ठेवला की गाणं हाताला कळतं म्हणाले. त्या स्पीकरांना जाड वायर लागते, ती आणायची राहिली होती. ती यायच्या आत तुमची नोटीस गेली."

मी म्हटलं, तू मला अडवायचं होतंस. ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "चिठ्ठी लिहून द्या म्हणाले होते ना मी? आणखी काय करायचं होतं, होकायंत्र आणून दाखवायचं होतं?"

बेस बॉक्स उचलून माळ्यावर टाकला. पाचही स्पीकर उतरवले. कमरेचं जे व्हायचं ते होवो.

९ मार्च, रविवार

काल दिवसभर हिंमत झाली नाही. आज दहाला गेलो.

वही बरोबर घेतली. आणखी एखादा कागद घ्यायचं सुचलं नाही, वहीचीच सवय. अगदी मागच्या कोऱ्या पानावर घरूनच लिहून नेलं होतं: "मी चुकलो. मला माहीत नव्हतं. बॉक्स काढला आहे, टीव्ही लावून बघ. तू सांगशील तसले स्पीकर शोधून आणू." एवढं लिहायला मला काल संध्याकाळपासूनचा वेळ लागला.

बेलचं बटण दाबलं तर दारावरच्या काचेतून आतल्या भिंतीवर एक दिवा लागलेला दिसला. त्याने दार उघडलं. मला पाहून मागे जिन्यात आणखी कोणी आहे का ते बघितलं. समितीचं कोणी असेल असं वाटलं असणार. "ये दादा! बस!" खणखणीत. एकच खुर्ची होती, तीत मला बसवलं आणि स्वतः पलंगावर टेकला. पार्टिशनशी जमिनीवर दोन चौकोन स्वच्छ होते, बाकी धूळ.

मी मागचं पान उघडून वही त्याच्या हातात दिली. चष्मा त्याच्या टीव्हीवर होता. तो आणायला उठताना त्याने वही मिटली आणि बसल्यावर उघडली ती पहिल्या पानापासून. मी हात पुढे केला. त्याने तो हलकेच बाजूला सारला, लहानपणी वाचताना कोणी मधे आलं की सारायचा तसा.

तो ओठ हलवत वाचतो. ओठांबरोबर आवाज निघतो, हे त्याच्या गावीही नाही. माझं अक्षर न अक्षर तो खड्या आवाजात वाचत होता. पलीकडे ही काहीतरी आवरत होती, ती भांड्यांची खुडबुड थांबली.

कावीळ झालेल्या बाईला तो हसला. बरंकालाही हसला. पार्टिशनचं पान आलं. वडील गेले ते, फोन, तीन तास, सगळं एका सुरात वाचलं. वर पाहिलं नाही, पण पान उलटायला वेळ लागला. मग नऊ तारीख आली. 'त्याचा आवाज ऐकायची इच्छा आहे.' ते वाक्य त्याने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज फाटला. मी मनात म्हणत होतो, आता मीट वही, इथेच मीट. मी उठून ती हातातून काढून घेऊ शकलो असतो. नाही घेतली.

त्याने पान उलटलं. तेरा तारीख. 'तो ओरडला.' 'खिजवायला.' 'दार आपटलं मी.' माझे शब्द त्याच्या तोंडून, भिंतीपलीकडे जातील इतक्या मोठ्याने. त्या तारखेच्या शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि त्याने चष्मा काढला.

"दादा, मी ओरडलो होतो त्या दिवशी?"

मान आडवी हलवायची होती. एवढंच करायचं होतं. मी उभी हलवली.

"मला वाटलं, मी हळू विचारलं," तो म्हणाला.

वही मिटून त्याने माझ्या मांडीवर ठेवली. मागचं पान त्याने पाहिलंच नाही. मग तो आणखी काहीतरी बोलला. पण आता तो जपून बोलत होता, फार जपून, नुसते ओठ हलले. मला एक शब्द पोचला नाही. मी "काय?" म्हटलं, तर तो खाली त्या दोन चौकोनांकडे बघत होता. पेन माझ्या खिशात होतं. लिहून विचारता आलं असतं, मागचं पान उघडून समोर धरता आलं असतं. मी वही उचलली आणि उठून आलो.

ही पार्टिशनला लागून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आणि शेवटी काय म्हणाले?"

"ऐकू आलं नाही मला," मी सांगितलं.